अ इम, अ हिम, अ निम : आयरिश लोणी आणि आपलं अभ्यंग

ताकाची_तार

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी लेकीची आयरिशची वही बघत होते. आम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कला असतो, ती तिसरीत आहे. इथल्या प्राथमिक शाळेत आयरिश सगळ्यांनाच असतं, मग घरी तुम्ही मराठी बोला नाहीतर पोलिश. गृहपाठात न्याहारीच्या टेबलावरच्या वस्तू होत्या. अरान म्हणजे पाव, बान्ये म्हणजे दूध, इम म्हणजे लोणी. 'इम'ला 'अन' हे उपपद लावायचं होतं. हिने लिहिलं होतं 'अन इम'. बाईंनी मधे लाल शाईने ट घुसवला होता: 'अन टिम'.

त्याखालचा प्रश्न जास्त गमतीचा होता.

त्याचं लोणी : अ इम
तिचं लोणी : अ हिम
त्यांचं लोणी : अ निम

"आई, तिन्हीकडे 'अ'च आहे ना? मग ह आणि न कुठून आले?"

मी सगळ्या आया देतात तेच उत्तर दिलं. पाठ कर.

दुसऱ्या दिवशी पहाटे (इथे ऑक्टोबरात आठ वाजेपर्यंत पहाटच असते) तिला पाटावर बसवून पाठीला तेल चोळत होते आणि एकदम डोक्यात घंटा वाजली. अस्य. अस्याः. एषाम्. 'त्याचं, तिचं, त्यांचं'. पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. केलं आणि पोटासाठी सॉफ्टवेअरच्या चुका शोधत बसले, त्या शिक्षणाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आयरिशच्या पूर्वजभाषेत या तीन सर्वनामांची रूपं साधारण 'एस्यो', 'एस्यास' आणि 'एसोम'सारखी होती. पहिलं स्वरान्त, दुसऱ्याच्या शेवटी स, तिसऱ्याच्या शेवटी अनुनासिक. संस्कृतात बघा: 'अस्य' स्वरान्त, 'अस्याः'ला विसर्ग, 'एषाम्'ला म्. पुढे आयरिशमध्ये शब्दांची शेपटं झिजली आणि तिन्हींचा 'अ' झाला. पण झिजण्याआधी शेवटच्या ध्वनीने पुढच्या शब्दाला हात लावून ठेवला होता. 'अ हिम'मधला ह म्हणजे त्या गेलेल्या स चा उरलेला श्वास, 'अ निम'मधला न म्हणजे गेलेलं अनुनासिक. व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दावर हे आणखी स्पष्ट दिसतं. गाय म्हणजे 'बो'. त्याची गाय 'अ वो', तिची गाय 'अ बो', त्यांची गाय 'अ मो'. दोन स्वरांमध्ये सापडलेला ब मऊ होऊन व झाला, स च्या मागचा ब शाबूत राहिला, आणि अनुनासिकाने ब गिळून म केला.

म्हणजे हा संधी आहे. ज्या शब्दाशी संधी झाला त्याचा शेवट गेला आणि संधी मात्र राहिला.

आता खुद्द 'इम'. जुन्या आयरिशमध्ये तो 'इंब' होता. वेल्शमध्ये लोण्याला 'अमेनिन', ब्रेटनमध्ये 'आमान', कॉर्निशमध्ये 'अमानिन', स्कॉटिश गेलिकमध्ये 'ईम', मँक्समध्येही 'ईम'. आयरिश धरून या सहाही केल्टिक भाषांत एकच शब्द. पावाच्या बाबतीत त्यांची फाटाफूट आहे, पण लोण्यावर एकमत. मूळ धातूचा अर्थ माखणे, चोपडणे. त्याच धातूचं लॅटिनमध्ये 'उंग्वेन' म्हणजे मलम. आणि संस्कृतात?

अञ्ज्. अनक्ति. अंजन. होमातलं आज्य. आणि अभि + अञ्ज् = अभ्यंग.

हात तेलाने माखलेले असताना हे सुचलं, म्हणून धागा काढला.

पावशेर

मी वेल्समध्ये स्वान्झीला सहा वर्षं काढली आहेत, म्हणून वेल्शकडून हजेरी लावतो.

पाव म्हणजे 'बारा'. पहिल्या आठवड्यात बेकरीच्या फळ्यावर 'बारा' वाचून मी डझनाचा भाव समजलो होतो. ब्रेड-बटरला 'बारा मेनिन'. 'आणि' वगैरे काही नाही, दोन शब्द शेजारी ठेवले की झालं, आपल्या भाजीभाकरीसारखं. 'अमेनिन' हे पूर्ण रूप पुस्तकात, बोलताना सगळे 'मेनिन'च म्हणतात.

तुमच्या त्याचं-तिचंचा खेळ इथेही आहे. 'त्याचं' आणि 'तिचं' दोन्ही 'ई'. त्याचं लोणी 'ई वेनिन', तिचं लोणी 'ई मेनिन'. आणि कोणी पूर्ण रूप वापरलं तर तिचं लोणी 'ई हमेनिन'. आला की नाही तुमचा ह? शेकडो वर्षं आयरिशपासून वेगळी वाढलेली भाषा, पण 'तिचं' म्हटलं की स्वरापुढे ह टपकतोच.

मला घोळ झाला तो शब्दकोशात. भांड्यावर 'वेनिन' लिहिलेलं, कोशात व खाली शोधतोय, सापडत नाही. तो म खाली. वेल्शमध्ये शब्द शोधायचा तर आधी त्याचा मुखवटा काढावा लागतो.

आणखी एक. 'अमेनिन'च्या शेवटचा 'इन' हा नंतर चिकटलेला प्रत्यय आहे, मूळ अंगातला न त्याच्या आधीचा. असाच दिसणारा 'इन/एन' वेल्शमध्ये ढिगातून एक नग काढायला वापरतात. 'कोइड' म्हणजे झाडं, 'कोइडेन' म्हणजे एक झाड. 'पीस' म्हणजे वाटाणे, 'पसेन' म्हणजे एक वाटाणा. मूळ शब्द ढिगाचा, एकाला प्रत्यय. आपण 'तांदूळ' म्हणतो आणि एकच हवा असेल तर 'तांदळाचा दाणा' म्हणतो, तसं. पण लोण्यातून एक नग काढायचा म्हणजे कसा, हे मला कोणी सांगू शकलं नाही. तिथे तो प्रत्यय नुसता दागिना म्हणून राहिलाय.

भाकरतुकडा

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

गर्जे_महाराष्ट्र_माझा

छान लेख ताई. म्हणजे आयरिश भाषाही संस्कृतातूनच निघाली हे सिद्ध झालं. आपल्याकडच्या लोकांना हे कधी कळणार?

विसर्गलोप

@गर्जे, नाही हो. याच शब्दावरून उलट सिद्ध होतं. जरा सावकाश बघू.

मूळ धातूच्या शेवटी 'ग्व'सारखा ध्वनी होता. एकाच वेळी घशातून ग आणि ओठांचा व. लॅटिनने दोन्ही अंगं ठेवली: उंग्वेन. संस्कृताने ओठ सोडले, ग ठेवला, आणि तोही काही ठिकाणी तालव्य होऊन ज झाला. म्हणून अभ्यङ्ग आणि अञ्जन, जसे भोग आणि भोजन, योग आणि योजना. केल्टिकने उलट केलं. घसा सोडला, ओठ ठेवले आणि ग्व चा ब केला: इंब. हा अपघात नाही, नियम आहे. गो : बो. जीव : आयरिश 'ब्यो', वेल्श 'ब्यू', अर्थ 'जिवंत'.

आता मला सांगा, संस्कृतातल्या ज किंवा ग मधून आयरिशला ओठांचा ब कुठून मिळेल? संस्कृताने तो आधीच टाकून दिलाय. हरवलेली वस्तू वारसाहक्काने मिळत नाही. दोघींना ती तिसऱ्याच कोणाकडून मिळाली. या बहिणी आहेत. आई-मुलगी नव्हेत.

ज्यांनी शाळेत परसवर्ण घोकलाय त्यांच्यासाठी: ङ्ग, ञ्ज, म्ब. अनुनासिक तेच, पुढच्या व्यंजनाच्या घरी राहायला गेलं. अभ्यङ्ग, अञ्जन, इम्ब ही तीन बिऱ्हाडं एकाच वाड्यातली.

याचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका उगमाच्या असाव्यात असं म्हटलं, तेव्हा केल्टिकचंही नाव घेतलं होतं, पण जपून. कारण केल्टिक भाषा बाकीच्यांसारख्या दिसतच नाहीत. शब्दाचं तोंडच बदलतं, तर तुलना कशी करणार? १८३७ मध्ये जिनिव्हाच्या पिक्तेने केल्टिक आणि संस्कृतच्या नात्यावर पुस्तक लिहिलं, १८३८ मध्ये बॉपने बर्लिनला तोच विषय घेतला. त्याने जी किल्ली लावली ती ताकाची_तार यांनी पाटावर लावली तीच: तोंडातला बदल हा आधीच्या शब्दाच्या झिजलेल्या शेवटाचा परिणाम आहे. १८५३ मध्ये झॉयसचं लॅटिनमधलं केल्टिक व्याकरण आलं आणि वाद संपला.

खडूस_म्हातारा

धागा चांगला आहे, पण दोन ठिकाणी टोचतो.

एक. 'केल्ट लोकांनी मलमाचं लोणी केलं' असा समज होऊ देऊ नका. लोणी हा अर्थ त्यांच्या एकट्यांचा नाही. स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलीत आजही लोण्याला 'आंके' म्हणतात, आणि बाल्टिकच्या किनाऱ्यावर मेलेल्या जुन्या प्रशियन भाषेत 'आंक्तान' होता. तोच धातू. आपल्याकडे आज्य. म्हणजे माखण्याची वस्तू ती लोणी किंवा तूप, हे समीकरण बरंच जुनं आणि दूरवर पसरलेलं दिसतं. इंग्रजी 'बटर' मात्र ग्रीकातून लॅटिनमार्गे आलेला उसना माल.

दोन. अभ्यंगातल्या 'अभि'चाही आयरिश भाऊ आहे, तो तुमच्याकडून निसटला. 'अभितः' म्हणजे सभोवार, ग्रीक 'अम्फि', जुनं आयरिश 'इम्म', आणखी आधी 'इंब', आजचं 'उम'. म्हणजे जुन्या आयरिशमध्ये 'भोवती' आणि 'लोणी' हे दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच. संस्कृतातला 'अभि' मात्र दोन वेगळ्या मुळांचा मिळून झालाय, त्यामुळे प्रत्येक 'अभि'ला आयरिशचा चुलतभाऊ करू नका. 'अभितः'पुरतं बोला.

रोमचा प्लिनी लिहून गेलाय की लोणी हे रानटी जमातींचं सर्वात उंची खाणं. तेल खाणाऱ्याने लोणी खाणाऱ्याला नाव ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ.

ताकाची_तार

@खडूस_म्हातारा, 'अभितः' खरंच निसटला होता. म्हणजे अभ्यंग हा शब्द सुटा करून आयरिशमध्ये नेला तर 'इंब-इंब' होईल! लेकीला सांगितलं, ती अर्धा तास घरभर इंब-इंब करत होती.

माखणं आणि खाणं यांची सरमिसळ इथल्या लोकांच्या तोंडी अजून आहे. एक म्हण शेजारच्या आजोबांनी सांगितली. लोण्याने आणि 'इश्के बाहा'ने जे बरं होत नाही त्याला औषध नाही. 'इश्के बाहा' म्हणजे शब्दशः जीवनाचं पाणी, म्हणजेच व्हिस्की. यातल्या 'इश्के'चं नातं उदकाशी आणि 'बाहा'चं जीव शब्दाशी. तोच ग्व, तोच ब.

गंमत म्हणजे 'माखणे' हे क्रियापद मात्र आयरिशने लॅटिनमधून पुन्हा उसनं घेतलं. चर्चमध्ये तेल लावायचं म्हणजे 'उंग'. घरचा 'इम' ओट्यावर, बाहेरून आलेला 'उंग' देव्हाऱ्यात. आपल्याकडे कसं, पान जेवायला आणि पर्ण पूजेला.

सुगरण_नाशिककर

अंजनावरून आठवलं, मग निरांजनही यातलंच का? आणि व्यंजन?

विसर्गलोप

निरांजन नाही. ते नीराजन, ओवाळणे, त्यात राज् धातू आहे. निरंजन मात्र हो: ज्याला अंजन, म्हणजे डाग, नाही तो.

व्यंजन पक्कं यातलंच. वि + अञ्ज्, उघड करणे, खुलवणे. ज्याने भाताची चव खुलते ते तोंडीलावणं म्हणजे व्यंजन, आणि क-ख-ग हेही व्यंजन. व्यक्त, व्यक्ती, अभिव्यक्ती, सगळी याच तुपातली. तुम्ही या धाग्यावर व्यक्त झालात तरी थोडं लोणी लागलंच.

खादाडखाऊ

ज्ञान पुरे, खायचं बोला. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं दुआर्नने नावाचं मासेमारीचं गाव. तिथला 'क्विन्यामान'. क्विन्य म्हणजे केक, आमान म्हणजे लोणी. १८६० च्या आसपास तिथल्याच एका बेकऱ्याने पहिल्यांदा केला असं सांगतात. जुनं प्रमाण ऐका आणि मग डॉक्टरांना फोन करा: पावाचं पीठ ४० टक्के, लोणी ३० टक्के, साखर ३० टक्के. पीठ लाटायचं, लोणी-साखर थापायची, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. भट्टीत साखर वितळून कडेला काचेसारखी होते आणि आतले पदर लोण्यात निथळत असतात. मी एक पूर्ण खाल्ला आणि रात्री जेवलो नाही.

तिथलं लोणी खारं. कारण पोटाचं नाही, पैशाचं. जुन्या फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता, पण ब्रिटनीला त्यातून सूट. बाकीचे मीठ मोजून वापरायचे, हे लोक लोण्यात मुठीने घालायचे. १७९० मध्ये कर गेला, चव राहिली.

भाकरतुकडा

मला व्याकरणाचा एक भाबडा प्रश्न. इम कुठल्या लिंगाचं? आणि 'माझ्याकडे लोणी आहे' कसं म्हणतात?

ताकाची_तार

भाबडा नाही, त्यातच 'अन टिम'चा ट दडलाय.

जुन्या आयरिशमध्ये इंब नपुंसकलिंगी. नकारान्त, आपल्या 'नामन्'सारखा. तिथे नावाला 'अनिम' म्हणतात, तोही याच गटातला. नपुंसकाचं उपपद वेगळं होतं, तेव्हा 'अ निंब' म्हणत असणार. पुढे आयरिशने नपुंसकलिंग टाकून दिलं, हिंदीसारखं. इमची रवानगी पुल्लिंगात झाली. पुल्लिंगी उपपद एके काळी 'सिंदोस' होतं. त्यातल्या द आणि स ची टक्कर होऊन ट झाला, आणि तो पुढच्या स्वराला चिकटला. तो ट लेकीच्या वहीत लाल शाईने आला.

आपण मात्र 'ते लोणी, ते तूप, ते ताक, ते दूध, ते दही' म्हणतो. सगळं दुभतं नपुंसकात सांभाळून ठेवलंय. हिंदीवाल्यांना मख्खन पुल्लिंगात टाकावं लागलं.

'माझ्याकडे लोणी आहे' साठी आयरिशमध्ये 'जवळ बाळगणे' असं क्रियापदच नाही. 'ता इम अगम': आहे लोणी माझ्यापाशी. 'मला लोणी आवडतं' हे 'इस मा ल्यम इम': चांगलं आहे माझ्याशी लोणी. भूक लागली तर 'ता ओकरस ओरम', भूक माझ्यावर आहे. क्रियापद आधी येतं एवढं सोडलं तर माणूस कर्ता नसून त्याच्यावर गोष्टी येऊन बसतात, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. लेकीच्या वर्गातल्या इंग्रजी घरांतल्या मुलांना हेच कठीण जातं, हिला नाही.

पावशेर

कोणी म्हणेल म्हणून आधीच सांगतो, तोंड बदलणं आणि आपलं सामान्यरूप एक नव्हे. घोडा-घोड्याला यात आपण शेपूट वळवतो. हे लोक घोड्याचं तोंड वळवतात.

खडूस_म्हातारा

कॉर्कचं लोणी म्हटल्यावर तिथल्या बाजाराबद्दल चार ओळी येतील असं वाटलं होतं.

ताकाची_तार

घ्या. शँडन भागात आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर जुना लोणीबाजार आहे, आता शेजारी संग्रहालय. १७७० च्या सुमाराला व्यापाऱ्यांनी मिळून तपासणी आणि प्रतवारी सुरू केली. शेतकरी लाकडी पिंपातून लोणी आणायचे, एका पिंपात ५६ पौंड, म्हणजे साधारण २५ किलो. तपासनीस त्यात सळई खुपसून आतला नमुना काढायचा, चाखायचा आणि पिंपावर प्रत कोरायचा. एकोणिसाव्या शतकात हा जगातला सर्वात मोठा लोणीबाजार होता. उष्ण समुद्र ओलांडून वेस्ट इंडीजपर्यंत माल जायचा, म्हणून मीठ भरपूर. १९२४ मध्ये बाजार बंद पडला.

त्याहून जुनं हवं तर दलदलीतलं लोणी. इथली पीट जमीन थंड, आंबट, हवा नसलेली. लोक त्यात लोण्याचे गोळे पुरून ठेवायचे. २०१६ मध्ये मीथ परगण्यात जळणासाठी पीट कापताना एक १० किलोचा गोळा निघाला, दोनेक हजार वर्षांचा असावा असा अंदाज. हे लोणी पुरणाऱ्यांनी त्याला जे म्हटलं असेल तो 'इंब'चाच कुठलातरी आजोबा.

आणि जुन्या आयरिश कायद्यात दुसऱ्याच्या घरी वाढायला ठेवलेल्या मुलांच्या लापशीचीही प्रतवारी आहे. साध्या घरच्या मुलाला खारवलेलं जुनं लोणी, सरदाराच्या मुलाला ताजं लोणी, राजाच्या मुलाला मध.

विसर्गलोप

कायद्यावरून एक राहिलं. व्हिटली स्टोक्स, जन्म १८३०, डब्लिनचा. १८६२ मध्ये वकील म्हणून मद्रासला आला, पुढे कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्री झाला आणि १८८२ पर्यंत भारतात होता. दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेच्या संहितांच्या मसुद्यात त्याचा मोठा हात. कचेरीतून आल्यावर हा गृहस्थ जुन्या आयरिश पोथ्या संपादत बसायचा. कॉर्मक नावाच्या, ९०८ मध्ये लढाईत पडलेल्या राजा-बिशपच्या नावावर जो आयरिश व्युत्पत्तिकोश आहे, त्याचं भाषांतर स्टोक्सने १८६८ मध्ये छापलं, तेही कलकत्त्यात. आपल्या कोर्टात तारखा पडतात त्या पद्धतीचा एक शिल्पकार आणि आयरिश शब्दांचा हा संपादक एकच माणूस.

सुगरण_नाशिककर

आणि आपलं लोणी, तूप?

विसर्गलोप

लोणी हे नवनीत झिजून. तूप कानडीतल्या 'तुप्प'चं नातेवाईक. अञ्ज् आपण आंघोळीला, डोळ्याला आणि होमाला ठेवला, जेवणात त्याचं एक व्यंजन तेवढं उरलं.

ताकाची_तार

शेवटचं. सासूबाई सध्या इथे आल्या आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी दुकानातलं लोणी आणून तूप कढवलं. इथे न सांगता उचललं तर खारं लोणीच हातात येतं. मीठ सगळं तळाला बसलं, तूप बरं निघालं पण नातीने साखर घालून बेरी तोंडात टाकली आणि सिंककडे पळाली. दुसऱ्यांदा बिनमिठाचं आणलं. रवाळ तूप झालं, बेरीही झक्कास.

बरणीवर नातीने चिठ्ठी चिकटवली: 'इम मो वामो', माझ्या आजीचं लोणी. आजी म्हणजे 'मामो', पण 'माझी' म्हटलं की म चा व. मी म्हटलं, बरोबर आहे. सासूबाईंनी अर्थ विचारला, मी सांगितला.

"लोणी कशाला लिहिलंय? तूप आहे ते."

आता तुपाला आयरिशमध्ये काय लिहायचं यावर दोघींची चर्चा चालू आहे.